किती राहिले

सिडको, नाशिक
२ एप्रिल २००३, पाडवा

चि. सुवर्णास,
अ. उ. आ.

फ्रिज जिन्यात अडकला आहे. सातव्या पायरीला. वर जात नाही, खाली येत नाही. दोघे हमाल चहाला गेले आणि जाताना नानांना सांगून गेले, जरा धरून ठेवा. नाना धरून उभे आहेत. फ्रिज भिंतीत इतका घट्ट बसला आहे की सोडला तरी हलणार नाही, पण नाना म्हणतात, माणसं सांगून गेलीत. तुझी वहिनी आणि हर्षाली वर राहिल्या, आम्ही बापलेक खाली. वहिनी वरून विचारते आहे, श्रीखंड फ्रिजवरून पलीकडे देऊ का. खिशात आंतर्देशीय होतंच, पायरीवर बसून तुला लिहितो.

फ्रिज बँकेच्या कार्डावर घेतला. सातपूरला आमच्या कंपनीच्या गेटवर टाय लावलेला एक मुलगा टेबल मांडून बसला होता. पगाराची चिठ्ठी दाखवा, सही करा, वर एक बॅग फुकट. तीन आठवड्यांत कार्ड घरी आलं. माझं नाव त्यावर उठावदार अक्षरांत आहे. हर्षाली डोळे मिटून बोट फिरवते आणि वाचते, गोरक्ष सहादू विधाते. दुकानात साडेचौदा हजारांचा फ्रिज घेतला तर मालकाने खुर्ची दिली. नानांबरोबर इतकी वर्षं बाजारात हिंडलो, खुर्ची कुणी दिली नव्हती.

नानांनी घरी आल्यावर एकच विचारलं, किती राहिले. मी सांगितलं, महिन्याला कागद येतो, कमीत कमी किती भरायचे ते त्यावर छापलेलं असतं. या वेळी सव्वासातशेच्या आसपास येईल. तारखेच्या आत भरले की झालं. नाना म्हणाले, मग ठीक, गोजराबाईसारखं. नानांनी फुलबाजार सोडून दोन वर्षं झाली, तरी एकादशीचा हार-फुलांचा धंदा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी ती काळारामाच्या दरवाज्यावरून चालत इथपर्यंत येते. नानांकडून नेलेल्या फुलांची मागची उधारी म्हणून दहा-वीस रुपये देते आणि विचारते, किती ऱ्हायले. नाना पैसे कपाळाला लावतात आणि चहा घे म्हणतात. आकडा सांगत नाहीत. ती गेल्यावर ठरलेलं वाक्य म्हणतात, हात हलवत आली नाही, म्हणजे माणूस खरा. मीही दर महिन्याला तेच करणार आहे. त्यांनी मला खोटा म्हणावं असं काही माझ्या हातून व्हायला नको, बाकी मला काही नको.

फॉर्मवर सोबत न राहणाऱ्या नातेवाइकाचं नाव मागितलं होतं. तुझं दिलं आणि तुझ्या शाळेचा फोन दिला. बक्षीसबिक्षीस लागलं तर तुला कळवतील.

हमाल आले. नानांना आता तरी सोडा म्हणतो.

नामपूरच्या उन्हात स्वतःला जप. आमची आठवण येईल तेवढी येऊ दे.
तुझा दादा,
गोरक्ष


नामपूर
१४ एप्रिल २००३

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. नाना फ्रिज धरून उभे आहेत हे वाचून मी वर्गात हसले आणि आठवीच्या पोरांनी वर पाहिलं. शेवटी चढला का ते तू लिहिलंच नाहीस.

तुझ्या फ्रिजचं मी उदाहरण घातलं. नाव सांगितलं नाही. एका माणसाने साडेचौदा हजारांची वस्तू घेतली, दरमहा शेकडा २.९५ व्याज. हा दर तू सांगितला नाहीस. माझ्या शाळेतल्या क्लार्कने असंच कार्ड घेतलं आहे, त्याच्या कागदाच्या मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरांत होता, भिंग लावून पाहिला. पोरांनी वर्षाचा दर काढला, पस्तीस टक्क्यांच्या वर गेला. एक जण म्हणाला, बाई, गणित चुकलंय, एवढं कुणी घेत नाही. मी त्याला पुन्हा करायला लावलं.

दादा, जो माणूस टेबल मांडून उन्हात बसतो आणि वर बॅग फुकट देतो, त्याची बॅग आधी तपासावी. तो तुझं भलं करायला बसलेला नाही. तू फ्रिज एकदम फेडून टाक आणि कार्ड कपाटात ठेव. कमीत कमी म्हणून जो आकडा छापतात तो त्यांच्या सोयीचा, तुझ्या नव्हे. गोजराबाईला नाना व्याज लावत नव्हते. बाकी त्या उधारीबद्दल मला वेगळं वाटतं, ते कधीतरी.

माझी शिकवणी समजून फाडून टाकू नकोस. हे म्हणतात, फ्रिज आला तर मेव्हण्याकडे उन्हाळ्यात जायला हरकत नाही.

नानांच्या पायांवर डोकं. वहिनींना नमस्कार, हर्षालीला पापा. धाकटी असून बोलले, ते पोटात घाल.
सुवर्णा


सिडको, नाशिक
१२ फेब्रुवारी २००४

चि. सुवर्णास,
अ. उ. आ.

नाना काल दवाखान्यातून घरी आले. जखम कोरडी आहे. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी टाके काढले. डॉक्टरांनी जड उचलायचं नाही सांगितलं, तेव्हा नाना म्हणाले, फुलांना वजन नसतं. डॉक्टर हसले.

तू असताना एक गोष्ट बोललो नाही, कारण तू वाद घातला असतास. भरती करताना काउंटरवर अनामत मागितली. पंधरा हजार, आत्ताच्या आत्ता. माझ्याजवळ चार होते. मी कार्ड दिलं. मशीनमधून कागद आला, मी सही केली, नाना आत गेले. एवढाच वेळ लागला. नाहीतर मी कुणाच्या दारात गेलो असतो ते सांग. सगळं मिळून अडतीस हजार झाले. नाना स्ट्रेचरवरून बघत होते. बाजूच्या पेशंटला त्यांनी सांगितलं, पोराचा शब्द चालतो इथं.

तुझं गणित मला कळतं. पण त्या दिवशी ते कार्ड नसतं तर, एवढं उदाहरण तू तुझ्या पोरांना घाल.

मागच्या आठवड्यात बँकेचं पत्र आलं. माझी मर्यादा तीस हजारांची होती, ऑपरेशनच्या वेळी फोन करून वाढवून घेतली होती. आता त्यांनी आपण होऊन पंचाहत्तर केली आहे. आपण आमचे मोलाचे ग्राहक आहात असं लिहिलं आहे. नानांना वाचून दाखवलं. त्यांनी पत्र देवाजवळ ठेवायला सांगितलं. मी ठेवलं. हसू नकोस.

तब्येतीला जप. आमच्याकडची माया नेहमीसारखीच आहे, ती मोजत बसू नकोस.
गोरक्ष


नामपूर
२१ नोव्हेंबर २००४

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

घरी पोचले. बस सटाण्याला दीड तास थांबली. भाऊबीजेचा मिक्सर मांडीवर घेऊन बसले होते, शेजारच्या बाईने विचारलं, कितीला पडला. भावाने दिला म्हटलं. ती म्हणाली, मग किंमत कशाला बघायची.

आल्या आल्या शेंगदाण्याची चटणी केली. सासूबाई म्हणाल्या, पाट्यावरची चव नाही. तीनदा वाढून घेतली.

तू मिक्सर कशावर घेतलास ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. खोकं इतकं छान बांधलेलं होतं आणि तू दारात इतका ऐटीत उभा होतास की मला जमलं नाही. एवढ्याचसाठी लिहिते आहे की पुढच्या वर्षी मला नारळ चालेल.

ऑपरेशनचे किती राहिले? एकदा कळव.

हर्षालीची दहावी. तिला बीजगणिताचं काही अडलं तर मला लिही म्हणावं. सगळ्यांना यथायोग्य. मला विसरणार नाही हे माहीत आहे, तरी लिहिण्याची पद्धत म्हणून लिहिते.
सुवर्णा


नामपूर
९ फेब्रुवारी २००७

ती. दादास,
नमस्कार.

आज तिसऱ्या तासाला मुख्याध्यापकांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावरचा फोन माझ्यासाठी होता. एक माणूस हिंदीत बोलत होता, आवाज अगदी मऊ. गोरक्ष विधाते आपले कोण. मी सांगितलं, भाऊ. मग त्याने विचारलं, लोकांचे पैसे खाऊन बसायची तुमच्या घराण्यात पद्धत आहे का. मॅडम, आपण शिकवता ना मुलांना. हे शिकवता का.

मुख्याध्यापक भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होते. क्लार्कने मान खाली घातली होती. मी फोन ठेवला तर तो पुन्हा वाजला. मग सरांनी रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, विधातेबाई, तुमचा तास जाईल. लग्नाला सोळा वर्षं झाली, त्यांनी मला आज पहिल्यांदा माहेरच्या नावाने हाक मारली.

वर्गात गेले. फळ्यावर अर्धं उदाहरण होतं. ते पुढं काय होतं ते मला आठवेना.

मी घरी फोन लावला. नुसती रिंग जाते. दोन वर्षं तू मला किती राहिले ते सांगितलं नाहीस. मी दोनदा विचारलं, तू हर्षालीचे मार्क कळवलेस. आता कळव.

सुवर्णा


सिडको, नाशिक
१५ फेब्रुवारी २००७

चि. सुवर्णास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कंपनीत घेऊन गेलो आणि मशीनमागे वाचलं. तुझ्यापुढे उभं राहायला तोंड नाही. तुझा नंबर मीच दिला होता. बक्षीस लागेल म्हणून लिहिलं होतं, ते मला आठवतं.

फोन डिसेंबरपासून काढून ठेवला आहे. वायर ड्रॉवरमध्ये आहे. बाहेर रिंग जाते आणि घरात वाजत नाही. नानांना सांगितलं, लाईन खराब आहे.

कंपनीने दुसरी पाळी बंद केली. ओव्हरटाइम गेला. हर्षालीच्या डिप्लोम्याचे बावीस हजार जून २००५ मध्ये कार्डावरच भरले होते, ते तुला सांगितलं नव्हतं. डिसेंबर आणि जानेवारीची तारीख चुकली. फक्त त्या दोन. त्याआधी त्रेचाळीस महिने मी एकदाही हात हलवत गेलो नाही. पगार झाला की पहिला बँकेत जायचो, तिथल्या पेटीत चेक टाकायचो. एकदा तापात गेलो.

मला वाटलं होतं, दोन महिने अडचण आहे म्हटल्यावर समजून घेतील. पण सांगायचं कुणाला ते कळत नाही. रोज नवा माणूस फोन करतो, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागतं. नाशिकच्या शाखेत गेलो तर तिथली मुलगी म्हणाली, कार्डाचं इथं नसतं. मग कुठं असतं, तर तिने एक नंबर दिला. तो लावला तर मशीन बोलतं, हिंदीसाठी दोन दाबा.

आता माणूस घरी येतो. मी कामावर असताना येतो. नानांना आजोबा म्हणतो. चांगला बोलतो, असं नाना म्हणतात. ते मला रोज विचारतात, किती राहिले. मी म्हणतो, थोडे. दोन खोल्यांत मला आता त्यांच्यासमोर बसायला जागा उरलेली नाही.

सगळे कागद पाकिटात घालून पाठवतो आहे. मी त्यावरचा एकच आकडा वाचत आलो, कमीत कमीचा. बाकीचे तू वाच.

राग कर. पण पाठ फिरवू नकोस.
दादा


नामपूर
४ मार्च २००७

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तीन रविवार लागले. सांगते, शांतपणे वाच.

तू एकूण घेतलं ते सत्याहत्तर हजार नऊशेचं. फ्रिज, दवाखाना, मिक्सर, हर्षालीची फी. उधळपट्टी त्यात कुठंच नाही, मी शोधली. तू आजपर्यंत भरले एकोणनव्वद हजार तीनशे. आणि राहिले आहेत सत्तेचाळीस हजार पाचशे.

पुन्हा करून पाहिलं. हेच येतं.

तू दर महिन्याला जे टाकत होतास त्यातले निम्म्याहून जास्त व्याजाला जात होते. मूळ रक्कम इंचभर हलायची, तेवढ्यात आणखी काही त्यावर पडायचं. तू वेळेवर भरलेस म्हणूनच त्यांनी मर्यादा वाढवली. मोलाचा ग्राहक म्हणजे काय ते मला आता कळलं. जो एकदम फेडतो तो त्यांच्या कामाचा नाही. जो बुडवतो तोही नाही. तू कामाचा होतास.

माझा मिक्सर अजून फिटलेला नाही. त्याचं भांडं मागच्या वर्षी फुटलं.

आता कमीत कमी भरणं बंद कर. त्यांना लेखी कळव की एकरकमी किती घेऊन खातं बंद कराल. त्यांचं पत्र येईपर्यंत एक रुपया देऊ नकोस, आणि घरी येणाऱ्याला तर नाहीच. रोख कुणाच्या हातात द्यायची नाही. हे नानांनाही सांग.

तुला हे जड जाईल. हात हलवत कसं जायचं असं तुला वाटेल. म्हणून एक गोष्ट सांगते, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही. मी तिसरीत असताना नाना गोजराबाईचा हिशेब माझ्याकडून तोंडी करून घ्यायचे. एकदा ती पैसे द्यायला आली आणि तिने विचारलं, किती ऱ्हायले. मी पटकन सांगितलं, एकशे ऐंशी. तिचा चेहरा उजळला. तिला वाटत होतं पाचशेच्या वर असतील. घरी आल्यावर नानांनी मला मारलं. जन्मात एकदाच. म्हणाले, आकडा कळला तर ती फेडून मोकळी होईल आणि दुसऱ्याकडून फुलं घेईल.

नाना वाईट नव्हते. व्याज लावलं नाही, तिच्या पोरीच्या लग्नात फुलं फुकट दिली. पण ती वीस वर्षं दुसऱ्या कुणाकडे गेली नाही, तेही खरं. हे तुझ्यापाशीच ठेव.

पैशांचं आपण दोघं बघू. माझ्याशी बोलणं तोडू नकोस, तेवढं पुरे.
सुवर्णा


सिडको, नाशिक
२९ मार्च २००७

चि. सुवर्णास,
अ. आ.

तुझं पत्र यायच्या दोन दिवस आधीच व्हायचं ते झालं होतं. मला काल कळलं.

नानांच्या कानात भिकबाळी नाही. मी जेवताना पाहिलं. विचारलं तर म्हणाले, दिली. सराफ बाजारात नेऊन विकली, साडेतीन हजार आले, ते त्या घरी येणाऱ्या मुलाला दिले. तो म्हणाला होता, आजोबा, काहीतरी द्या म्हणजे वरच्यांना सांगता येईल. नानांना ते पटलं. पावती मागितली का विचारलं, तर म्हणाले, फुलबाजारात पावती कोण मागतं. त्याने एका चिठ्ठीवर साडेतीन हजार मिळाले एवढं लिहून दिलं आहे. सही नाही, नाव नाही.

आज त्या नंबरवर चाळीस मिनिटं धरून बसलो. असे पैसे जमा नाहीत. ती वसुलीची एजन्सी या महिन्यात बदलली. तो मुलगा कोण, ते त्यांना माहीत नाही.

नानांशी त्यावरून थोडं बोलणं झालं. ते सोड.

एकरकमीचा अर्ज रजिस्टरने पाठवला आहे. वहिनी ठीक. आम्हा सगळ्यांना मनातून काढू नकोस.
गोरक्ष


नामपूर
१० एप्रिल २००७

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

वीस हजारांचा ड्राफ्ट सोबत आहे. यांनीच आठवण केली, मी मागितले नाहीत. तू फंडातून दहा काढ. बँकेचं पत्र तीस हजारांच्या आसपासचं येईल असं क्लार्क म्हणतो, त्याच्या भावाचं तसंच झालं. परत कधी देशील ते विचारू नकोस. मी तुला आकडा सांगितला आहे, वीस हजार, यापुढे तो वाढणार नाही.

भिकबाळीचं वाचून त्या दिवशी स्वयंपाक झाला नाही. लहानपणी मी नानांच्या कडेवर बसून ती ओढायची.

थोडं बोलणं झालं म्हणजे काय झालं? नानांना काही म्हणू नकोस. त्यांनी त्यांच्या पद्धतीने भरले.

मे महिन्यात येते. तोवर सगळ्यांना सांभाळ, आणि स्वतःलाही.
सुवर्णा


सिडको, नाशिक
२२ जून २००७

चि. सुवर्णास,
अ. उ. आ.

तू मेमध्ये येऊन गेलीस, नाना तुझ्याशी नीट बोलले, म्हणून मी काही बोललो नाही.

बँकेचा कागद काल आला. खातं बंद, आमचं काही येणं नाही. इंग्रजीत आहे, खाली सही कॉम्प्युटरची. मी दोनदा वाचला. मग नानांकडे नेला. म्हटलं, नाना, फिटलं, एक रुपया राहिला नाही. त्यांनी कागद हातात घेतला, मागून पाहिला, परत दिला. म्हणाले, मला काय कळतं. तू बघ.

कार्ड मी कात्रीने कापलं. नाव मधोमध तुटलं. हर्षाली म्हणाली, अक्षरं अजून बोटाला लागतात.

तुझे उपकार म्हणणार नाही, तू रागावशील. आहेस तशीच आमची राहा.
गोरक्ष


सिडको, नाशिक
२८ ऑक्टोबर २००७

चि. सुवर्णास,
आशीर्वाद.

तेरावं करून तू गेलीस त्याला आठ दिवस झाले. दुसऱ्याच दिवशी दसरा होता. दाराला तोरण लावलं नाही. सकाळी वहिनी म्हणाली, घरात झेंडूचा वास येतो आहे. नानांचा सदरा खुंटीला तसाच आहे, त्याचा असेल.

तू निघताना विचारलंस, शेवटी नाना इतके गप्प का होते. मी म्हणालो, वय. ते खोटं आहे. तुला लिहून सांगतो, कारण समोर सांगता येणार नाही.

मार्चमध्ये त्या साडेतीन हजारांवरून मी नानांना बोललो. म्हणालो, तुम्हाला काय कळतं, जन्मभर फुलं विकली. एवढ्यावर थांबायला हवं होतं. तुझं पत्र खिशात होतं. मी म्हणालो, ही बँक माझ्याशी जे करते आहे तेच तुम्ही गोजराबाईशी केलंत. वीस वर्षं तिला आकडा सांगितला नाही. सुवर्णाला मारलंत. मला सगळं माहीत आहे.

ते जेवत होते. ताटात वरण-भात होता. त्यांनी हात धुतले, ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं. एवढंच केलं. मला वाटत होतं, ते म्हणतील, तसं नव्हतं. काहीतरी म्हणतील.

त्या दिवसापासून नानांनी एकही गोष्ट ठरवली नाही. चहात साखर किती, मला काय कळतं. पंखा लावू का, तू बघ. डॉक्टरांनी विचारलं कुठं दुखतं, तर माझ्याकडे बोट दाखवलं. तू आलीस तेव्हा ते बोलले, कारण तुझ्याशी त्यांचं भांडण नव्हतं. गोजराबाई आली की आतल्या खोलीत जाऊन बसायचे. पैसे वहिनी घ्यायची. किती ऱ्हायले विचारलं की वहिनीला उत्तर माहीत नसायचं.

ते गेले त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. म्हणणार होतो, नाना, चुकलं. तेवढ्यात त्यांनी पाणी मागितलं. मी पाणी आणलं आणि ते राहून गेलं.

तुझं गुपित मी त्यांच्यावर फेकलं. तुला हे कळायला हवं. ते मी बुडवलं, आणि त्याचा हप्ता नसतो.

बँकेचा कागद त्यांच्या फोटोमागे ठेवला होता. आज काढून कपाटात ठेवला.

यापुढे माया कर असं मागायचा मला हक्क नाही. तरी मागतो.
दादा

ता. क.
पत्र काल टाकायचं राहिलं. आज सकाळी आठ वाजता गोजराबाई आली. महिनाभर घोटीला लेकीकडे होती, तिला काही कळलं नव्हतं. जिन्यातूनच तिने विचारलं, नाना कुठंत. मी खाली जाऊन सांगितलं. ती सातव्या पायरीला बसली, फ्रिजने भिंत खरवडली आहे तिथं. वहिनीने चहा दिला तो घेतला नाही. मग कनवटीचे वीस रुपये काढले आणि विचारलं, किती ऱ्हायले. मी म्हणालो, फिटले. ती म्हणाली, नाना तर कधी म्हणले नाय तसं. मी म्हणालो, मी सांगतो ना, सगळे फिटले. तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, तुला काय ठाव. वीस रुपये पायरीवर ठेवले आणि भिंत धरून खाली उतरली.